माघातली साखर

संक्रांत आटोपली की विदर्भातली वावरं हिरवीगार दिसतात. हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, गहू ओंबीवर येतो, संत्र्याच्या बागाही लांबून भरल्यासारख्या वाटतात. मधमाशीच्या दृष्टीने मात्र या हिरवाईत खायला फारसं काही नसतं. गव्हाला मकरंद नाही. हरभऱ्याचं फूल उमलण्याआधीच आतल्या आत स्वतःचं परागण उरकून घेतं, त्यामुळे माशी त्याच्या वाटेला क्वचितच जाते. तुरीचा फुलोरा डिसेंबरच्या मध्यापर्यंत संपतो आणि झाड शेंगांत गुंततं. संत्रा ताणावर असतो, म्हणजे त्याचं पाणी तोडलेलं असतं, आणि आंबिया बहार, म्हणजे थंडी सरताना येणारा फुलोरा, फुटायला अजून अवकाश असतो. पूर्वी ही फट जवस आणि करडई भरून काढत असत. दोन्ही पिकं मागे पडली आणि त्यांच्या जागी हरभरा पसरला. उरतात ते सांबाराचे (कोथिंबिरीचे) वाफे, धुऱ्यावरच्या मोहरीच्या ओळी आणि अकोला-बुलढाण्याकडे कुठे कुठे ओवा.

बाहेर मकरंदाची आवक आटत असताना मधमाश्यांच्या पेटीच्या आत नेमकं उलट चाललेलं असतं. तुरीच्या परागावर वसाहत भरलेली असते, दिवस मोठा होऊ लागतो आणि राणी अंडी घालण्याचा वेग वाढवते. पिलाव्याला, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोशांना, 34-35 अंश सेल्सिअस तापमान लागतं. रात्री पारा दहाच्या खाली गेला तरी माश्या अंग थरथरवून ती ऊब टिकवतात, आणि त्या उबेचं सरपण म्हणजे मध. अळ्यांना भरवायला आणखी मध आणि पराग लागतो. म्हणून डिसेंबरच्या कडाक्यात टिकलेली पेटी जानेवारीच्या अखेरीस, स्वच्छ ऊन पडत असताना, उपाशी मरते. पेटीवाला म्हणतो की थंडीने गेली. तळपाट काढून पाहिला तर मेलेल्या माश्यांचा थर दिसतो, आणि पोळ्यातल्या रिकाम्या घरांत डोकं खुपसून मेलेल्या माश्या दिसतात. हे भुकेचं मरण आहे.

थंड मुलखातली मधपालनाची पुस्तकं वाचून इथे पेट्या सांभाळणाऱ्यांची गफलत इथेच होते. त्या मुलखात माशी महिनोन्‌महिने बाहेर पडत नाही, म्हणून सगळा भर ऊब राखण्यावर असतो. आपल्याकडे गोंदिया-नागपूरला शीतलहर आली तरी सकाळी दहा-साडेदहाला माश्या कामाला लागतात आणि दुपारी पारा चांगला चढतो. पेटीला घोंगड्या गुंडाळण्याची इथे गरज नाही. उत्तरेकडून येणारा वारा अडवायला तुराट्यांचा तट्टा, दार पूर्वेला किंवा आग्नेयेला आणि झाकणाखाली बारदान्याची एक घडी, एवढं पुष्कळ होतं. बाकीचं लक्ष अन्नावर द्यावं, आणि अन्नापेक्षाही तारखेवर.

कामकरी माशी अंड्यापासून बाहेर पडायला मेलिफेरात (युरोपीय मधमाशीत) 21 दिवस घेते, सातेरीत (आपल्या देशी मधमाशीत) एखाद-दोन दिवस कमी. बाहेर पडल्यावर ती लगेच फुलांवर जात नाही. पहिले सुमारे तीन आठवडे घरं साफ करणं, अळ्यांना भरवणं, मेण घालणं, दारावर पहारा देणं ही घरातली कामं करते. म्हणजे अंडं पडल्यापासून ती माशी मकरंद आणू लागेपर्यंत साधारण सहा आठवडे जातात. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीकडच्या एखाद्या बागेत आंबियाचा फुलोरा 10 फेब्रुवारीला ऐन भरात येणार असेल, तर त्या दिवशी फुलांवर जाणाऱ्या माशीचं अंडं 30 डिसेंबरच्या आत पडलेलं हवं. 20 जानेवारीला पडलेलं अंडं 3 मार्चच्या सुमारास कामाला लागतं. तोवर संत्र्याची फुलं गळून बोराएवढी फळं धरलेली असतात. ती माशी मोहाच्या आणि कडुनिंबाच्या कामाची, संत्र्याच्या नाही.

म्हणून थंडी सरताना खाऊ घालायचं म्हणजे थंडीच्या मध्यावर सुरू करायचं. कळ्या दिसल्या की पाक द्यायला धावणं हा सर्वांत जास्त दिसणारा आणि सर्वांत महाग प्रकार आहे. त्या पाकाने माश्या वाढतात, पण फुलं संपल्यावर. शिवाय तो पाक मधात उतरतो. बागायतदाराने ताण कधी दिला आणि पहिलं पाणी कधी सोडणार हे डिसेंबरातच विचारून घ्यावं. पेटीचं वेळापत्रक दुसऱ्याच्या वावरात ठरतं, आणि ते मुकाट मान्य करण्यात शहाणपण आहे.

आता पेटी उघडायची. त्यासाठी वारा पडलेला दिवस आणि सकाळी अकरा ते दुपारी तीनची वेळ. ढगाळ दिवशी उघडू नये. आधी पेटी मागच्या बाजूने दोन बोटं उचलून वजनाचा अंदाज घ्यावा. रोज चार पेट्या उचलणाऱ्या हाताला हलकी पेटी लगेच कळते. मग पोळ्यांच्या चौकटी पाहाव्यात. जुना ठोकताळा असा की पिलाव्याच्या एका चौकटीमागे मधाची एक आणि परागाची एक चौकट असावी. मेलिफेराच्या लँगस्ट्रॉथ पेटीतली दोन्ही बाजूंनी भरून मेण घातलेली चौकट दोन ते अडीच किलो मध धरते, सातेरीची चौकट त्याहून बरीच लहान असते. पिलाव्याच्या वर मधाची तीन-चार बोटं रुंद कमान असेल तर घाबरायचं कारण नाही. ती कमान तुटलेली असेल आणि अळ्या घराच्या तळाशी दुधाळ खळीत न लोळता कोरड्या पडलेल्या असतील, तर पेटी आजच्या आज खायला मागते आहे.

इथे दोन वेगळ्या गरजा आहेत आणि त्यांचे पाकही वेगळे. उपाशी पेटीला घट्ट पाक: दोन किलो साखरेला एक लिटर पाणी, त्याचा सव्वादोन लिटरच्या आसपास पाक होतो. मेलिफेराच्या पेटीला तो लिटर-दीड लिटर एका दमात द्यावा, सातेरीला त्याच्या निम्म्याहून कमी. दुसऱ्या निरोगी पेटीत भरली मधाची चौकट असेल तर पाकापेक्षा ती बरी. माश्या झटकून ती पिलाव्याच्या शेजारी लावावी. निरोगी हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण अळी सडवणारे रोग चौकटीबरोबर आणि मधाबरोबर प्रवास करतात. याच कारणाने बाजारातला मध कितीही शुद्ध म्हणून मिळाला तरी माश्यांना घालू नये.

राणीला चालना द्यायची असेल तर पातळ पाक. एक किलो साखर, एक लिटर पाणी. याचा सुमारे 1.6 लिटर पाक होतो. हा पाक माशीला फुलांची आवक सुरू झाल्यासारखा भासतो आणि राणीला दाई माश्यांकडून जास्त खुराक मिळतो. तो थोडा थोडा आणि नेमाने दिला तरच हा भास टिकतो. सातेरीला आठवड्याला पाव किलोपर्यंत साखर दोन-तीन वेळांत वाटून, मेलिफेराच्या पाच-सहा चौकटींच्या पेटीला अर्धा ते पाऊण किलो. एकदम घातलं तर माश्या तो साठवून ठेवतात आणि राणीची अंडी घालायची घरंच अडवतात. दर आठवड्याला पिलाव्याची कड पाहावी. तिथे नवा पाक साचून चमकत असेल तर प्रमाण जास्त झालंय. एक पाळी चुकवावी.

पाक करण्यात कौशल्य काही नाही, फक्त शिस्त हवी. पाणी उकळावं, आच बंद करावी, मग साखर घालून विरघळेपर्यंत ढवळावं आणि पूर्ण गार होऊ द्यावं. साखर घातल्यावर चुलीवर खळखळवली, करपली किंवा लिंबू पिळलं की त्यात माश्यांना बाधणारी द्रव्यं तयार होतात. साखर फोडायला माशीच्या लाळेतलं विकर पुरेसं असतं, लिंबाची गरज नाही. गूळ नको. त्यातली क्षारद्रव्यं माशीच्या पोटाला जड जातात आणि तो लवकर आंबतो. दुकानातली पांढरी स्वच्छ साखर घ्यावी. पातळ पाक दुपारच्या उन्हात दोन-तीन दिवसांत आंबतो, म्हणून लागेल तेवढाच करावा. कोरडी साखर पसरून ठेवण्याची पद्धत आपल्या कोरड्या हवेत फारशी चालत नाही. ती विरघळवायला माश्यांना पाणी आणावं लागतं, आणि बऱ्याचदा त्या दाणे कचरा समजून दाराबाहेर टाकतात.

खाऊपात्राचा सर्वांत स्वस्त प्रकार म्हणजे काचेची बरणी. झाकणाला बारीक खिळ्याने आठ-दहा भोकं पाडावीत, बरणी काठोकाठ भरून अंतरपटाच्या (चौकटींवरच्या आतल्या झाकणाच्या) भोकावर उपडी ठेवावी आणि भोवती रिकामा कोठा लावून झाकण घालावं. उपडी केल्यावर चार थेंब पडून धार थांबली पाहिजे. थांबली नाही तर झाकण सैल आहे. इथे विदर्भाच्या हवेची एक खास अडचण येते. रात्री दहा-बारा अंश आणि दुपारी तीस, एवढ्या फरकात अर्धी रिकामी झालेल्या बरणीतली हवा ऊन चढताच फुगते आणि उरलेला पाक खाली ढकलते. तो पिलाव्यावर ठिबकतो, तळपाटावरून दाराबाहेर ओघळतो, आणि मग मुंग्या येतात, पाठोपाठ शेजारच्या पेट्यांतल्या माश्या येतात. उपाय सोपा आहे. मोठी बरणी ठेवू नये, रात्रीत संपेल एवढीच ठेवावी आणि सकाळी रिकामी बरणी काढावी. करवंटी किंवा वाटी वापरायची असेल तर माश्या बुडू नयेत म्हणून पाकावर बांबूच्या कामट्या सोडाव्यात. पऱ्हाटीच्या काड्या नकोत. कपाशीवर हंगामभर काय काय फवारलेलं असतं ते विदर्भात कुणाला सांगायला नको.

खाऊ नेहमी दिवस मावळताना द्यावा आणि सगळ्या पेट्यांना एकाच संध्याकाळी. कोरड्या दिवसांत भर दुपारी एका पेटीत पाक ठेवणं म्हणजे लुटीला आमंत्रण. लूट सुरू झाली की दारावर माश्या एकमेकींना गुरफटून पडतात, काही माश्या फटी शोधत पेटीभोवती नागमोडी घिरट्या घालतात, आणि तळपाटावर मेणाचा भुसा साचतो. अशा वेळी एक-दोन माश्यांपुरतं दार ठेवून बाकीचं बंद करावं, फटी चिखलाने लिंपाव्यात, दारावर ओलं गवत टाकावं आणि अंधार पडेपर्यंत दुसरी एकही पेटी उघडू नये. दुबळी सातेरी लुटीला फार लढत बसत नाही. ती पेटी सोडून निघून जाते, आणि मग रिकाम्या पोळ्यांवर मेणकिडा बसतो. सातेरीचे संसार मेळघाटात आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलकडेला जास्त आहेत. तिथे नव्याने पेटी घेणाऱ्याने पाकापेक्षा दार लहान ठेवायला आधी शिकावं.

पाकाने राणी जोरात लागली की दुसरा धोका उभा राहतो. पिलावा वाढतो, पण तो झाकणाऱ्या माश्या हिवाळ्यातल्या म्हाताऱ्या असतात आणि रोज काही गळत असतात. एखाद्या रात्री पारा सात-आठवर आला की माश्या आकसून मध्यावर गोळा होतात आणि कडेच्या अळ्या गारठून मरतात. दोन दिवसांनी त्या करड्या-काळ्या होऊन दारात पडलेल्या दिसतात. पाहणारा रोग समजतो आणि औषध शोधत फिरतो. औषधाची गरज नसते, जागा कमी करायची असते. माश्यांनी भरलेल्या चौकटी तेवढ्याच ठेवाव्यात, रिकाम्या काढून घ्याव्यात, पुढे विभाजन फळी लावावी आणि पलीकडच्या पोकळीत कोरड्या कुटाराची पिशवी किंवा बारदाना कोंबावा. तीन चौकटीही नीट न झाकणाऱ्या पेटीला पाक पाजत बसण्यात अर्थ नाही. दोन दुबळ्या पेट्यांतली बरी राणी ठेवून, मध्ये टाचणीने भोकं पाडलेला वर्तमानपत्राचा कागद घालून, एका पेटीवर दुसरी चढवावी. कागद कुरतडेपर्यंत वास एक होतो. पेट्यांची संख्या कमी होते म्हणून लोक हे टाळतात. पण फेब्रुवारीत एक भरलेली पेटी जेवढा मध आणते तेवढा दोन अर्ध्या मिळून आणत नाहीत, कारण अर्ध्या पेटीतल्या बहुतेक माश्या पिलावा राखण्यातच अडकतात.

परागाचं काय, हा प्रश्न साखरेइतका विचारला जात नाही. साखर म्हणजे सरपण. अळीचं अंग परागातल्या प्रथिनांनी बनतं. चौकटीत परागाची रंगीत घरं दिसत नसतील तर नुसत्या पाकावर राणीला चढवणं उलटं पडतं, माश्या अंडी-अळ्या खाऊन टाकतात. अशा वेळी पर्यायी खाद्य द्यावं: तीन भाग चरबी काढलेलं सोया पीठ, एक भाग ब्रूअर्स यीस्ट, एक भाग साय काढलेल्या दुधाची पावडर. घट्ट पाकात कणकेसारखं मळून त्याची 100 ग्रॅमची चपटी टिकिया बटर पेपरवर थापावी आणि पिलाव्याच्या चौकटींच्या माथ्यावर ठेवावी. विदर्भात सोयाबीन घरचंच, म्हणून ते चक्कीवर दळून आणण्याचा मोह होतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात आणि त्यात तेल वीस टक्क्यांच्या आसपास. हे पीठ माश्या नाइलाजाने खातात आणि त्यातून पोसलेलं फारसं काही दिसत नाही. तयार चरबीविरहित पीठच घ्यावं. आठवड्यात टिकिया संपली नाही तर काढून टाकावी, नाहीतर तिच्यावर मेणकिड्याची आणि मुंग्यांची पंगत बसते. फेब्रुवारीत सावर फुलली की पराग पुरेसा येतो, मग टिकियांची गरज नाही. पळसाचा केशरी रंग पाहून नवखे हुरळतात, पण पळसावर पहिला हक्क पक्ष्यांचा.

बुलढाण्याकडे कांदा बीजोत्पादनासाठी याच दिवसांत पेट्या भाड्याने जातात. तिथे हिशेब थोडा बदलतो. कांद्याच्या फुलाचं माशीला विशेष कौतुक नाही, जवळ करडई किंवा सांबार फुललेला असला की ती तिकडे वळते. म्हणून गोंडे साधारण दहा टक्के उमलल्यावरच पेट्या न्याव्यात. आधी नेल्या तर माश्या दुसरीकडची वाट पक्की करतात. पेटीच्या आत थोडा पातळ पाक दिला की मकरंदाची निकड कमी होते आणि जास्त माश्या परागाकडे वळतात, बीजोत्पादकाला हवं असतं ते हेच. परागाची टिकिया मात्र इथे देऊ नये. घरात पराग मिळाला तर माशी बाहेर शोधणार नाही.

फवारणीबद्दल कितीही लिहिलं तरी पुरत नाही. संत्र्याच्या नव्या पालवीवर सायला आणि काळी माशी या किडी, करडईवर मावा, हरभऱ्यावर घाटेअळी, सगळ्यांची फवारणी याच महिन्या-दीड महिन्यात होते. शेजाऱ्याला फवारू नको म्हणून सांगून उपयोग नाही, त्याचंही पीक आहे. फुलं उमलण्याआधी फवार, आणि अगदीच गरज पडली तर सूर्य मावळल्यावर फवार आणि आदल्या दिवशी सांग, एवढं मागता येतं. निरोप आला की अंधार पडल्यावर दारं जाळीने बंद करावीत, छपरावर ओला बारदाना टाकावा आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढण्याआधी उघडावीत. भर उन्हात बंद ठेवलेली पेटी विषाशिवायही गुदमरते. ऐनवेळी पेटी उचलून शंभर पावलांवर ठेवणंही निरुपयोगी. बाहेर गेलेल्या माश्या जुन्याच जागी येऊन घोटाळतात. हलवायची तर रोज दोन-तीन फूट, नाहीतर रात्री एकदम चार-पाच किलोमीटर लांब.

आणि गारपीट. 2018 सालच्या फेब्रुवारीत 11 तारखेपासून विदर्भ-मराठवाड्यात झाली तशी गार पडली की एका तासात फुलोरा जमिनीवर येतो. पेटीच्या छपराला दगड बांधलेला असतो, पेटी वाचते. पण आत सहा-सात चौकटी पिलावा आणि बाहेर शून्य आवक, अशी अवस्था झाल्यावर ती आठवडाभरही टिकत नाही. म्हणून दर पेटीमागे दोन किलो साखर घरात वेगळी काढून ठेवावी आणि ती फेब्रुवारी संपेपर्यंत चहाला वापरू नये.

सगळं सुरळीत झालं तर फुलोरा ऐन भरात येण्याच्या आठ-दहा दिवस आधीच पाक बंद करायचा असतो, आणि हे सुरू करण्यापेक्षा अवघड जातं. पहिली फुलं उमलली, चौकटींच्या माथ्यावर पांढरं ताजं मेण दिसू लागलं, चौकट आडवी धरून झटकल्यावर मकरंदाचे थेंब उडाले, की खाऊपात्र बाहेर. मधकोठा चढवायचा तो यानंतर. पिलाव्याला जागा हवी झाली की माश्या खालचा साठा वर नेतात, त्यात पाक असेल तर तोही वर जातो. भारतीय मानकानुसार मधात ऊसवर्गीय साखरेचं प्रमाण सात टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि ऊस कार्बन ज्या मार्गाने बांधतो त्याची खूण प्रयोगशाळेत पकडली जाते. माशीच्या पोटातून गेल्याने ती पुसली जात नाही. ज्या चौकटींत जानेवारीचा पाक साठलेला असेल त्यांच्या माथ्यावर पेन्सिलीने फुली मारावी आणि त्या पिलावा कोठ्यातच ठेवाव्यात. मधयंत्रात घालू नयेत. मोहाचा आणि कडुनिंबाचा बहार संपल्यावर, मे महिन्यात, त्याच वसाहतीला त्या परत लागणार असतात.